लेखी परवानगी

माझ्या लेखातल्या शास्त्राबद्दल नियतकालिकाची काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती शेवटच्या पानांबद्दल, म्हणजे संदर्भयादीबद्दल. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग कंसात वर्ष. नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, पण लेखाचं सरळ. पानांच्या आकड्यांमधली रेघ आखूड नको, लांब हवी. दगडफुलावर, म्हणजे भिंतींवर आणि कातळांवर चढणाऱ्या त्या राखाडी-पिवळ्या खपल्यांवर, अर्धं आयुष्य घालवून मी शेवटी रेघेच्या लांबीवर नापास झाले होते.

असं काही अडलं की आमच्या संस्थेत सगळे प्रकाशन विभागातल्या स्वल्पविरामबाईंना शरण जातात. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे, पण त्यांना ते ठाऊक आहे आणि आतून आवडतंही. त्या ओळीखाली लाकडी पट्टी धरतात आणि एकेक नोंद मोठ्याने वाचतात. "हे गृहस्थ मजकुरात आहेत, यादीत नाहीत. आणि ह्या बाई यादीत येऊन बसल्यात, पण मजकुरात त्यांना कुणी बोलावलेलंच नाही." मी त्या बाईंना बाहेर काढलं. त्यांचं काम चांगलं होतं, वाईट वाटलं.

नोंदी संपल्या आणि पट्टी मजकुरातल्या एका कंसापाशी येऊन थांबली. वाक्य असं होतं: 'जिथे माणसं टेकून बसतात तिथे दगडफूल येत नाही, आणि माणसं यायची थांबली तरी बरीच वर्षं येत नाही.' पुढे कंसात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं नाव आणि 'वैयक्तिक संवाद' हे दोन शब्द.

"हे कुठे छापून आलंय?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही. तो मला बोलला होता."

"मग यादीत नाही बसायचं. वाचकाला जे शोधून सापडणार नाही, ते यादीत घालत नाहीत. मजकुरात राहू शकतं, पण त्यांची लेखी परवानगी लागेल. शुक्रवारपर्यंत. नाहीतर वाक्यच काढून टाका ना, लेखाचं काही बिघडत नाही."

लेखाचं खरंच काही बिघडत नव्हतं, माझं बिघडत होतं. तो आणि मी ह्याच संस्थेत समोरासमोरच्या टेबलांवर काम करायचो. मग त्याला परदेशात नोकरी लागली आणि नेमके तेव्हाच बाबा अंथरुणाला खिळले. तो म्हणाला चल, मी म्हटलं तू हो पुढे, मी येते. बाबा बरीच वर्षं तसेच होते. तोवर तिकडे त्याचं घर झालं, लग्न झालं, मुलगी झाली. ह्यात कुणाचं काही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी रागावता आलं असतं. मिळून एक लेख लिहायचा होता, तोही राहिला. आमची दोघांची नावं एका कागदावर यायची तर आता एवढीच जागा उरली होती. मला तो कंस हवा होता, आणि त्यासाठी मी कुणाशीही भांडले असते.

परवानगीचा छापील नमुना बाईंनीच दिला. मला फक्त वर दोन ओळी खरडून ईमेल करायची होती. त्या संध्याकाळी घरी मी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. 'आदरणीय' लिहिलं आणि मलाच हसू फुटलं. ज्याच्या डब्यातलं मी रोज पळवून खायचे, तो कसला आदरणीय? आई समोर मटार सोलत बसली होती.

"कुणाला एवढं जपून लिहितेस?"

"ऑफिसचं आहे."

"त्या दगडवाल्याला ना?" आईने मान वर न करता विचारलं.

"परवानगी हवीय त्याची. नियम आहे तसा."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? कसा आहेस म्हणून विचार की."

"आई, त्याला बायको आहे."

"मग मी काय लग्न कर म्हटलं? विचारपूस करायला काय हरकत आहे?"

मी विचारपूस केली नाही. नमुना जोडला, 'कृपया सही करून पाठवावा' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

उत्तर येईना. बुधवारी बाईंनी जिन्यात गाठून नुसत्या भुवया उंचावल्या. मी तासातासाला ईमेल उघडून बघत होते, आणि येत होती ती नियतकालिकाचीच स्मरणपत्रं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलावरचा फोन वाजला.

"मी सही करणार नाही," तो म्हणाला. कशी आहेस नाही, काही नाही. आवाज जरा जाड झाला होता, पण त्याचाच होता. कुणाला चेहरा दिसू नये म्हणून मी खुर्ची खिडकीकडे वळवली.

"का? अब्रू जातेय का तुझी?"

"ते मी म्हटलेलंच नाही. तू म्हणालीस."

"काहीतरीच काय. कालव्याच्या भिंतीवर बसलो होतो, तू पाय खाली सोडून..."

"पाय तू सोडले होतेस. भिंतीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, इथे काही येणार नाही बघ, आपण बसून बसून गुळगुळीत केलीय. पुढचंही तूच बोललीस. मी फक्त हो म्हटलं."

"हो मी म्हटलं. बोललास तू."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. वाक्य स्वतःचं, आणि परवानगी मागतेस माझ्याकडे." तो हसला, मग थांबला. "दर वर्षी वर्गात सांगतो मी ते. माझी एक मैत्रीण म्हणायची, म्हणून."

इतकी वर्षं मी ते वाक्य त्याचं म्हणून जपलं होतं, आणि तिकडे तो तेच माझं म्हणून जपत होता.

"मग लिहिलं नाहीस कुठे?" मी विचारलं.

"पुस्तकात लिहिलं होतं. कंसात तुझं नाव. प्रकाशकाने तुझी लेखी परवानगी मागितली."

"मग?"

"मग तुला पत्र लिहावं लागलं असतं." तो म्हणाला. "बसलो होतो लिहायला. बऱ्याचदा बसलो. शेवटी वाक्यच काढून टाकलं."

"मी आत्ता देते. आत्ताच्या आत्ता सही करून पाठवते."

"पुस्तक केव्हाच छापून झालं गं."

खूप बोलावंसं वाटत होतं. तू लिहायला बसलास हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, एवढं तरी म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते आईचंच. "कसा आहेस?"

"बरा आहे. तू?"

"मीही बरीच आहे म्हणायची."

"हं," तो म्हणाला. मग त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी मी स्वल्पविरामबाईंसमोर जाऊन बसले.

"परवानगी नाही मिळाली. ते म्हणतात, वाक्य त्यांचं नाहीच."

"मग कुणाचं?"

"दोघांचं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोघांचं कसं असेल, मॅडम? लेखावर नाव एकच आहे. ते नाही म्हणतायत म्हटल्यावर निरीक्षण तुमचं. आणि स्वतःच्या निरीक्षणाला संदर्भ लागत नाही. प्रश्नच मिटला."

"माझं," मी म्हटलं.

कंस मी स्वतः काढला, बाईंना हात लावू दिला नाही. आधी 'संवाद' खोडलं, मग 'वैयक्तिक', आणि सगळ्यात शेवटी त्याचं नाव. वाक्य जागच्या जागी राहिलं. बाईंनी त्याच्याखाली पट्टी धरली, एकदा मोठ्याने वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

"आता कुणालाच काही विचारायला नको," त्या म्हणाल्या, आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.