एलोदी उडी मारते का?

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आमलेट टेबलावर येत असताना, पाद्री फोंब्रेल यांनी 'एलोदीची पत्रे' ही कादंबरी आपण लिहिलेली नाही असे सांगितले.

टाळ्या पडल्या.

अठराव्या शतकातल्या पॅरिसात सगळे बरे लेखक असेच सांगत. पुस्तकावर नाव घालायचे नाही आणि कोणी विचारलेच तर कानांवर हात ठेवायचे, ही रीत होती. त्यामुळे नाकारणे म्हणजे कबुली. जितके जोरात नाकारावे तितकी ती पक्की.

"अहो, मी खरंच नाही लिहिलं!" पाद्रीबुवा कळवळून म्हणाले.

"ऐका! 'खरंच' म्हणतायत!" कर्नल साँसे ओरडले. "आता तर शंकाच नको."

टेबलाच्या टोकाला मादाम व्हेर्नुई कर्नलांच्या जुन्या कोटाच्या झालरीतून सोन्याची तार उसवत बसल्या होत्या. थोरामोठ्यांच्या बायकांचा त्या काळी तो आवडता उद्योग होता. अकरा वर्षे दर बुधवारी त्यांनी या मंडळींना जेवू घातले होते, कवितांना दाद दिली होती, भांडणे मिटवली होती. कादंबरीही त्यांनीच लिहिली होती, उरलेल्या सहा दिवसांत, चादरींच्या कपाटाआड बसून. हे एकट्या पेरीनला, त्यांच्या मोलकरणीला, ठाऊक होते. कागद तिनेच कोबीखाली लपवून छापखान्यात पोचवले होते.

बाईंनी झालर खाली ठेवली.

"ती कादंबरी मी लिहिली आहे."

कर्नल इतके हसले की आमलेट त्यांच्या घशात अडकले.

"बाईसाहेब, खरा लेखक असं कधी कबूल करतो का!" ते खोकत म्हणाले. "पाद्रीबुवांची अडचण बघवेना म्हणून अंगावर घेतलंत. वा! यजमानीण असावी तर अशी."

पाद्रीबुवांनी भरल्या डोळ्यांनी बाईंच्या हाताचे चुंबन घेतले. पाठीवर थाप मारून कर्नलांचा घास पेरीनने बाहेर काढला. थाप गरजेपेक्षा जोरात होती.

"मी सांगू का त्यांना?" पाहुणे गेल्यावर पेरीनने विचारले. "कोबी कुठे पोचवला तेसुद्धा सांगते."

"माझं नाही पटलं, तुझं पटणार आहे?"

पुढच्या बुधवारी पाद्रीबुवांनी एकदाच नकार दिला. त्याच्या पुढच्या बुधवारी ते नुसते लाजले. चौथ्या बुधवारी ते नवा विग घालून आले आणि लेखनातल्या यातनांवर अर्धा तास बोलले. बाईंनी त्यांना कोंबडीची तंगडी वाढली आणि कर्नलांची उरलेली झालर उसवून संपवली.

अडचण वेगळीच निघाली. कादंबरीचा पहिलाच भाग छापून आला होता आणि त्याच्या शेवटी एलोदी मठाच्या भिंतीवर उभी असते, एका पायात जोडा, एक पाय अनवाणी, खाली खंदक. दिवाणखान्यांतून, बागांतून, चर्चच्या दारात लोक पाद्रीबुवांना एकच प्रश्न विचारू लागले. पाद्रीबुवा खोकू लागले. मग वाळले.

मंगळवारी सकाळी ते एकटेच आले. विग वाकडा होता.

"मादाम," ते उभ्यानेच म्हणाले, "ती उडी मारते का हो?"

लेखिका म्हणून कोणी बाईंना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुम्ही बोललात त्याच दिवशी. जोडा डाव्या पायातला हरवतो म्हणून कर्नल सांगत होते, तर तुम्ही नाही-नाही अशी मान हलवत होतात. घरी जाऊन पाहिलं. उजव्यातला."

"आणि तरी लाजलात?"

"कोणी मला कधी विचारलंच नव्हतं हो काही. तीस वर्षांत." त्यांनी हातातली टोपी फिरवली. "सांगा ना. मारते का?"

"सांगेन की. उद्या विचारा. सगळ्यांसमोर, याच शब्दांत."

पाद्रीबुवांनी वाकडा विग सरळ केला आणि ते जिना उतरून गेले.

बुधवारी दोनला मंडळी बसली. पेरीन सूप घेऊन आली, तेव्हा बाईंनी तिला हातानेच थांबवले. दोन वाजून पाच मिनिटांनी पाद्रीबुवांची खुर्ची रिकामी होती आणि जिन्यावरून कोणाची तरी पावले वर येत होती, थांबत थांबत.