सर मुरुडला का थांबले

रविवारी दुपारी अब्बा बास्केटबॉलच्या रिंगला नवी जाळी बांधत होते आणि मी खाली शिडी धरून उभी होते. दुकानातली सुती जाळी खाऱ्या हवेत दोन महिन्यांत कुजते, म्हणून ते कोळीवाड्यातून नायलॉनची विणून घेत. वय पासष्ट. कॉलेजच्या कागदोपत्री ते आता कुणीच नव्हते, पण रोज दुपार कलल्यावर असरच्या नमाजानंतर मैदानावर जात आणि मुली त्यांना सर म्हणत.

"नीट धर. डॉक्टरने शिडीवर चढू नका म्हणून सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही."

चारच्या सुमारास मुली आल्या. एकीने बूट आणले नव्हते. अब्बांनी तिला विचारलं, बूट घरी झोपलेत काय. ती हसली, ते हसले नाहीत, आणि तिला अनवाणीच पासिंगला उभं केलं. साडेपाचच्या एसटीने मी पनवेलला निघाले. तिथल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. अब्बा स्टँडपर्यंत आले, खिडकीशी उभे राहिले. पुढच्या रविवारी येताना त्यांची चष्म्याची डबी आण, मागच्या खेपेला ती माझ्याकडे राहिली, एवढंच बोलले. गाडी सुटायच्या आत वळून चालू लागले. गाडी सुटेपर्यंत थांबायची त्यांना सवय नव्हती.

सोमवारी पहाटे फजरची नमाज पढून ते परत आडवे झाले. सात वाजता अम्मी चहा घेऊन गेली तेव्हा ते गेलेले होते.

मी पोहोचले तेव्हा घर भरलं होतं. माझा भाऊ हुझैफा तळोज्याहून माझ्या आधी आला होता. संध्याकाळी जनाजा निघाला. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे तिथलं मला हुझैफाने नंतर सांगितलं. नमाजाच्या आधी मुलाने उभं राहून लोकांना सांगायचं असतं की माझ्या वडिलांच्या बोलण्या-वागण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर त्यांना माफ करा. हुझैफाने ते सांगितलं. मागून त्यांचा कुणी जुना विद्यार्थी म्हणाला, त्यांनी आम्हाला पळवून पळवून मारलं, पण माफ केलं. लोक रडता रडता हसले म्हणे.

मयताच्या वतीने माफी मागायची पद्धत आहे. मयताची माफी मागायची राहून गेली असेल तर काय करायचं, याची पद्धत मला माहीत नाही.

अब्बांची नोकरी कशी होत गेली ते सांगायला फार वेळ लागत नाही. बाविसाव्या वर्षी ते कुवेतला गेले, एका गोदामात मालाची नोंद ठेवायला. तिथे कंपन्यांच्या संघांचे सामने होत. अब्बा आधी खेळले, गुडघा गेल्यावर शिट्टी घेऊन पंच झाले, आणि पंचगिरी करताना, त्यांच्याच शब्दांत, "खेळ पहिल्यांदा दिसला." चौदा वर्षांनी परत आले ते प्रशिक्षक व्हायचं ठरवूनच. पटियाळ्याला जाऊन सहा आठवड्यांचा कोर्स केला. ते प्रमाणपत्र आणि कुवेतचा अनुभव, एवढंच जवळ. शारीरिक शिक्षणाची पदवी नव्हती. म्हणून कॉलेजने त्यांना तासिका तत्त्वावर घेतलं. जुलैत नेमणुकीचा कागद यायचा, एप्रिलमध्ये नेमणूक संपायची. पुढच्या जुलैत पुन्हा कागद. कायम जागेवर वेगवेगळे क्रीडा संचालक आले आणि बदलून गेले. संघ अब्बांचाच राहिला.

कॉलेजचं मैदान समुद्राला लागून, मध्ये फक्त सुरूची रांग. दक्षिणेकडचा बोर्ड पावसाने कुजलेला, त्यामुळे सगळा सराव उत्तरेच्या एकाच रिंगवर चाले. रिंगकडे तोंड केलं की समुद्र डाव्या हाताला आणि दुपारी वारा तिकडूनच. सरळ टाकलेला बॉल उजवीकडे जायचा. मग आम्ही वीतभर डावीकडे टाकायला शिकलो. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. हात आपोआप शिकले.

मी शेवटच्या वर्षाला होते आणि कॅप्टन होते, तेव्हा आमचा संघ पहिल्यांदा विभागीय सामन्यांना मुंबईला गेला. एसटीने रेवस, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. सामना एका मोठ्या कॉलेजच्या बंदिस्त हॉलमध्ये होता. लाकडी जमीन, वर दिवे. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे एकोणीस आणि आमचे दोन. आमचा प्रत्येक बॉल रिंगच्या डाव्या कडेला लागून बाहेर येत होता. मुलींना वाटलं, दिव्यांनी डोळे दिपतायत. सुचिताला वाटलं, लाँच लागलीय. समोरच्या मुली तोंडावर हात धरून हसत होत्या.

मध्यंतरात अब्बांनी आम्हाला खाली बसवलं आणि म्हणाले, "इथे समुद्र नाही."

आम्ही हॉलच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं.

"तुम्ही सगळ्या वारा धरून टाकताय. इथे वारा नाही. चूक तुमची नाही, मुंबईची आहे. सरळ रिंगवर टाका."

आम्ही चार गुणांनी हरलो. सामना संपल्यावर त्या कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख बाई अब्बांपाशी येऊन उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांनी त्यांचं पत्र आलं. संस्थेच्या सगळ्या कॉलेजांसाठी मुख्य प्रशिक्षक, कायम जागा, राहायला क्वार्टर्स. संस्था खाजगी होती, तिला पदवीचा आग्रह नव्हता. अशी जागा त्यांना दुसरीकडे कुठेच मिळण्यासारखी नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. अम्मीने भांडी कुठली न्यायची याचा विचारसुद्धा सुरू केला.

अब्बांनी मला ओटीवर बसवून विचारलं. बाप म्हणून नाही, कॅप्टनला विचारावं तसं.

"मी गेलो तर संघाचं काय होईल?"

मी म्हणाले, "सुचिताच्या घरचे म्हणतात, सर असतील तरच पोरीला पाठवू. ती सुटली की तिच्या गावच्या बाकीच्या दोघीही सुटतील. मग पाच जणी तरी कुठून आणणार?"

"सुचिता म्हणाली असं?"

"हो."

सुचिता असं काही म्हणाली नव्हती. ती डोंगराकडच्या भातशेतीवाल्या गावातून तासभर एसटीने यायची. आमच्यात सगळ्यात चांगली तीच खेळायची. सामना जिंकला की अब्बांनी तिच्या पाठीवर थाप मारावी आणि माझ्या चुका सांगाव्यात, असं चालत आलं होतं. मुंबईच्या त्या हॉलमध्ये तिच्यासारख्या पंधरा जणी होत्या. अब्बा त्यांचे सर होतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यापलीकडे काही कारण नव्हतं. पुष्कळ वर्षं मी दुसरं एखादं कारण शोधून पाहिलं.

अब्बांनी नकार कळवला. दोन महिन्यांनी माझी परीक्षा झाली आणि ग्रंथालयशास्त्र शिकायला मी स्वतः मुंबईला गेले. संघ माझ्यावाचून नीट चालला. अब्बा पुढची एकोणीस वर्षं जुलैच्या कागदाची वाट बघत राहिले. शेवटची काही वर्षं कागद येणंही बंद झालं होतं.

पाचव्या दिवशी सुचिता आली. तसं ती पहिल्या दिवशीही आली होती, पण तेव्हा गर्दी होती. आता ती तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर स्कूटीने मुरुडला येऊन अब्बांबरोबर कॉलेजच्या मुलींना शिकवायची. अम्मी इद्दतमध्ये, नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, बसलेली, म्हणून सुचिता आतल्या खोलीत आली. हेल्मेट दाराशी ठेवलं आणि चटईवर बसली.

"काल प्रॅक्टिस घेतलीस?" अम्मीने विचारलं.

"घेतली, चाची. कुणाचं लक्ष नव्हतं. एकीने शिट्टी मागितली, म्हणाली सरांची आहे, मी वाजवते. मी म्हटलं, आधी धावायला शीक."

अम्मी हसली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"पुण्याचं काय झालं गं?"

मला हे माहीत नव्हतं. सुचिताने माझ्याकडे बघून सांगितलं. पुण्याच्या एका कॉलेजला मुलींच्या संघासाठी मुख्य प्रशिक्षक हवी होती. तिची मुलाखत झाली, निवड झाली. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. नवरा म्हणतो जा, मुलीची शाळा तिकडे बघू.

"मग?" मी म्हणाले.

"मग काय. नाही म्हणून कळवते."

"का?"

"तू विचारतेस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सर माझ्यासाठी थांबले. मुंबईची एवढी मोठी जागा सोडली. आणि मी त्यांची माती ओली असताना इथल्या मुलींना टाकून जाऊ?"

अम्मीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरोबर आहे तुझं. मीसुद्धा तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. मुंबईला जायचं म्हणून माझ्या बहिणीला सांगून टाकलं होतं. पण ते म्हणाले, अख्तर, एका पोरीचं खेळणं बंद होतंय. मग मी काही बोलले नाही. आत्तापर्यंत लोक येतात, सांगतात, सरांनी गावासाठी केवढं केलं. बरं वाटतं ऐकायला."

"मला सरांनी पाच-सहा वर्षांपूर्वी सांगितलं," सुचिता म्हणाली. "पालीला सामन्याला चाललो होतो, गाडीत. म्हणाले, तुझे वडील तयार नव्हते ना, म्हणून राहिलो. मला काही समजेना. बाबा तर म्हणायचे, पोरीला कुठं बी न्या, खेळते तवर खेळू दे. घरी जाऊन त्यांना विचारावं, तर ते आदल्याच वर्षी गेलेले. मग मला वाटलं, माझ्या पाठीमागे सरांना काहीतरी बोलले असतील. तोंडावर एक, मागे एक." तिने पदर सारखा केला. "अंबाजीची पोरगी म्हणून मला केवढा अभिमान होता, यशरा. तेव्हापासून त्यांच्या फोटोला हार घालताना मन लागत नाही."

अम्मी म्हणाली, "जाऊ दे. मुलीच्या काळजीनं बोलले असतील."

"हो. असंच मनाला समजावते."

बाहेर शेजारच्या अनमने चहाचा ट्रे ओटीवर ठेवला आणि दोन कपांत साखर नाही म्हणून हाक मारून सांगितलं. मी उठले, ट्रे आत आणला आणि दोघींना कप दिले. सुचिताने फोन काढून वेळ बघितली. उद्या शनिवार, ऑफिस अर्धाच दिवस, आत्ताच मेल टाकून देते म्हणजे विषय संपला, असं म्हणून ती लिहायला लागली. दोन ओळी लिहून तिने फोन माझ्यापुढे धरला. "इंग्रजी बघ गं जरा. तुझं चांगलं आहे."

मी वाचलं. इंग्रजी ठीक होतं. खाली तिचं नाव होतं.

वाचायची मला पुष्कळ सवय आहे. माणसं मरणाच्या दारात उभ्या असलेल्याला खरं सांगतात, असं पुस्तकांत पुष्कळदा येतं. मला एकोणीस वर्षं मिळाली होती. शेवटच्या दिवशीसुद्धा मी शिडी धरून अर्धा तास त्यांच्या खाली उभी होते.

मी अम्मीकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला होता आणि ती सुचिताच्या फोनकडे समाधानाने बघत होती. आता जे जाणार होतं ते तिचंही जाणार होतं.

मी फोन सुचिताच्या हातात परत दिला.

"हे पाठवू नकोस," मी म्हणाले. "तुझे वडील अब्बांना काही बोलले नव्हते. समोरही नाही, पाठीमागेही नाही. तूही काही म्हणाली नव्हतीस. ते मी सांगितलं होतं, तुमची नावं घेऊन. अब्बांनी मला विचारलं, सुचिता म्हणाली असं? मी हो म्हणाले. मला ते दुसऱ्या मुलींचे सर व्हायला नको होते. अम्मी, ऐकतेस ना? ते गावासाठी थांबले नव्हते. मी खोटं बोलले, म्हणून थांबले."