टाचणीची तीन भोकं

गोविंदाला या खेळातून मिळवायचे होते ते म्हणाल तर दोनच शब्द. शाल-नारळ सोसायटी कुणालाही देते. गेल्या वर्षी टाकी धुणाऱ्यालाही दिला होता. गोविंदाला हवं होतं ते शांतीच्या तोंडचं "बाई गो!"

एकोणीस वर्षांच्या संसारात ते त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. रोह्याजवळ वरसेत फ्लॅट घेतला, कंपनीत पंप ऑपरेटरचा सुपरवायझर झाला, तेव्हा ती "बरं झालं" म्हणाली. आणि त्या सुजयने गणपतीत जादूने मोदकातून अंगठी काय काढली, बाईसाहेबांचा हात छातीवर: "बाई गो!" सुजय रोह्यात चष्म्याच्या दुकानात कामाला, मूळचा पेणचा, शांतीच्या माहेरच्या आळीतला. 'वहिनी' सोडून सरळ 'शांती' म्हणायचा. एवढ्या दोन गुन्ह्यांवर गोविंदाने सहा महिने खपून मनातलं ओळखायचा खेळ बसवला.

खेळ घरगुतीच. चौघांना चार पाकिटं द्यायची. ज्याने त्याने आपल्या छंदातली एक वस्तू गुपचूप आत घालून पाकीट चिकटवायचं. मग पाकिटं मिसळायची, एकेक फोडायचं, वस्तू तळहातावर घेऊन मालकाचं नाव सांगायचं. गुपित एवढंच, की पाकिटांच्या कोपऱ्यात टाचणीची भोकं होती आणि ती अंगठ्याला कळत होती. सोसायटीतले जनूकाका एक, शेजारची प्रणिता दोन, शांती तीन, सुजय चार. सुजयला त्याने मुद्दाम घेतला होता. शांतीला मात्र काही सांगितलं नव्हतं. ती रांगोळीचं काहीतरी घालणार हे धरून तिच्यापुरतं एक गोड वाक्य पाठ केलं होतं.

सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दुपारी हॉल भरला. पाकिटं भरताना शांती आणि सुजय एकाच बाकावर होते. तो काहीतरी पुटपुटला, ती हसली. गोविंदाने ते हसू मनात टिपून ठेवलं.

पहिल्या पाकिटातून मासे धरायची गरी निघाली. "कुंडलिकेवर दिवसभर बसतो आणि घरी बाजारातले मासे नेतो, असा माणूस. जनूकाका!"

"मायला, खरं बोलतोय की!" जनूकाकांनी कबुली दिली. प्रणिताची क्रोशाची सुईही बिनचूक गेली.

मग अंगठ्याखाली तीन भोकं लागली. शांती. आतून निघाला कॅरमचा स्ट्रायकर, कडा झिजलेला, मधल्या चांदणीचा रंग उडालेला.

शांती आणि कॅरम? भोकं खोटं बोलत नाहीत हे खरं. पण बायकोही त्याला पाठ होती. मग उरलं ते बाकावरचं हसू. त्याला तोंडघशी पाडायला दोघांनी पाकिटं बदलली होती!

त्याने डोळे मिटले. "बोटं चलाख. दुसऱ्याच्या सोंगटीवर डोळा. सुजय!"

प्रणिता अर्धी उठली. "अगो, तो तर..." शांतीने तिचा हात ओढून तिला खाली बसवलं. सुजयने शांतीकडे पाहिलं. तिने मान जराशी हलवली.

"व्हय," सुजय म्हणाला, "माझाच."

शेवटच्या, चार भोकांच्या पाकिटात बारीक कुंचला होता, गणपतीचे डोळे रेखायला वापरतात तसला. आता तर शंकाच उरली नाही. "हिचं माहेर पेणचं, हे का सांगायला हवं?" टाळ्यांचा कडकडाट झाला. शांतीने उठून कुंचला घेतला. "माझाच," ती म्हणाली. बाई गो नाही, काही नाही.

घरी चहा पिताना गोविंदाला राहवेना. "पकडलं ना दोघांना? अदलाबदल करता व्हय?"

"अदलाबदल आम्ही नाय केली. तुम्ही केलीत."

मग एकेक बाहेर आलं. तो सेकंड शिफ्टला गेला की चार वर्षं ती प्रणिताकडे कॅरम खेळत होती. रविवारी पेणला बायकांच्या स्पर्धेची फायनल होती आणि ती फायनलमध्ये होती.

"मग सांगितलं का नाय?"

"कॅरम म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, कोण म्हणालं होतं?"

"आणि तिथं? हॉलमध्ये?"

"सगळ्यांपुढं तुम्हाला खोटं पाडू?"

शनिवारी सुजय दारात आला. स्ट्रायकर रुमालात गुंडाळलेला. "दादा, शांतीचा हाय. उद्या लागंल तिला."

गोविंदाचा हात पुढे झालाही होता. पण त्या 'शांती'ने तो अडला, आणि जिन्यात जनूकाका उभे होते. तो मोठ्याने म्हणाला, "असं कसं? भर हॉलमध्ये कबूल केलंत. तुमचाच तो. सांभाळा."

स्वयंपाकघरातली लाटण्याची लय तुटली. थोड्या वेळाने पुन्हा लागली.

रविवारी शांती प्रणिताचा स्ट्रायकर घेऊन पेणला गेली. संध्याकाळी परतली, चपला काढल्या. तर्जनीवर अजून बोर्डाची पांढरी पावडर होती.

"काय झालं गो?"

"मनातलं ओळखता ना? ओळखा."

गोविंदा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथे कुठे टाचणीची भोकं नव्हती.

शोकेसमध्ये त्याची शाल घडी करून ठेवली होती आणि शेजारच्या पेल्यात सुजयचा कुंचला. तिचा स्ट्रायकर सुजयच्या घरी. नवऱ्यानेच भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, एकाची वस्तू दुसऱ्याच्या हातात ठेवली होती. शांती आत गेली आणि तिने नळ सोडला. टाळ्या गोविंदाला मिळाल्या होत्या. किंमत मोजलेलं बोट ती पाण्याखाली धरून उभी होती.