सतरा नंबरचा उंबर

चिंचमाळ तलावाच्या बांधावर बेचाळीस झाडं आणि एक खुंट होता. त्या सकाळी सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा ओढलेला दिसला. श्यामलाबाईंनी दोनदा मोजून पाहिलं. ज्याने कुणी रंग मारला होता, त्याने खुंटालाही सोडलं नव्हतं.

बांध तसा लहानच. लांबीला तीनशे पावलं, उंचीला दोन मजली घराएवढा, सगळा मातीचा, पाण्याच्या अंगाला दगड बसवलेले. कात्रजच्या डोंगराकडून मोठ्या पावसात पाणी लोटलं की ते आधी इथे थांबायचं आणि सांडव्यावरून बेताबेताने खाली ओढ्यात उतरायचं. ओढ्याच्या दोन्ही काठांना घरं होती, थेट बिबवेवाडीपर्यंत. दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरात शहरात ओढ्यांनी माणसं नेली, तेव्हा या ओढ्याला नुसतं गुडघाभर पाणी आलं. त्याचं श्रेय लोकांनी झाडांना दिलं. श्यामलाबाईंनीही दिलं. झाडं त्यांनीच लावली होती ना.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून निवृत्त होण्याआधीच त्यांनी हे काम सुरू केलं, त्याला आता तेरा वर्षं झाली. ज्याच्या घरातलं कुणी गेलं असेल त्याने त्या माणसाच्या नावाने एक झाड लावायचं, दोन उन्हाळे त्याला पाणी घालायचं आणि मग झाडाचा नंबर आणि नाव घातलेली पत्र्याची पाटी लावायची, अशी इथली पद्धत पडली होती.

"या, या," तलाव मित्रमंडळाचे रंगनाथराव बांधावर चढणाऱ्या शबनम तांबोळीला म्हणाले. शबनम या तलावाची कनिष्ठ अभियंता. "कुऱ्हाड गाडीत ठेवून आलात वाटतं?"

"कुऱ्हाड माझ्याकडे नसते, काका. टेप असतो."

"म्हणजे मोजून तोडणार. शास्त्रशुद्ध."

मंडळातले चौघे-पाच जण हसले. शबनम हसली नाही. ती श्यामलाबाईंसमोर उभी राहिली. "मॅडम, तुमच्या हरकतीच्या पत्रामुळे काम थांबलंय. झाडं मी आज तोडत नाहीये. आत्ता फक्त बांधाखालची मोरी, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडून पाणी चार फूट उतरवायचंय, आणि वाऱ्याने झाडं उलथू नयेत म्हणून फांद्या कमी करायच्यात. मुळं काढायची ती दिवाळीनंतर, कोरड्यात."

"मुळं माती धरून ठेवतात," श्यामलाबाई म्हणाल्या. "पत्रात मी तेवढंच लिहिलंय. चौथीच्या मुलालाही ते माहीत असतं."

"डोंगरावर धरतात. इथे एका अंगाला पाणी उभं आहे, ते चोवीस तास वाट शोधतंय. जिवंत मूळ वाट अडवतं असं घटकाभर धरू. मेल्यावर काय करतं?"

"पानशेत फुटलं तेव्हा त्याच्यावर कुठे झाडं होती हो?" रंगनाथराव मध्येच म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

"पत्र मागे घेतलंत तर उद्या मोरी उघडता येईल," शबनम म्हणाली. "नाहीतर सुनावणी सप्टेंबरात आहे. आज ऑगस्टची सहा तारीख."

"खात्री असल्याशिवाय मी सही करत नाही," श्यामलाबाई म्हणाल्या, "आणि केलेली सही फिरवत नाही."

शबनमने मान हलवली. जाता जाता ती खुंटापाशी थांबली. "हे कसलं होतं?"

"उंबर. खोडकिडा लागला. तीन वर्षं झाली."

शबनमने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती बांध उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाई फिरायला आल्या तेव्हा बांधाच्या पायथ्यापासून दुर्गाबाईंनी हाक मारली. दुर्गाबाई वीस वर्षांपूर्वी यवतमाळकडून आलेल्या. ओढ्याकाठच्या पहिल्याच ओळीत त्यांचं घर होतं. पायथ्याशी पावसाळ्यात एक झरा फुटायचा. तिथे बायका धुणं धुवायच्या. पाणी निवळशंख असायचं, आणि पाझराचं पाणी निवळ असलं की बांधाची काळजी नसते, हे श्यामलाबाईंनी कुठेतरी वाचलं होतं.

"बाई, पान्याले काय झालं जी? चार दिवसांपासून चहासारखं येते. सायबाचा पांढरा शर्ट धुतला, पिवळा निघाला. बोलणी मले खावी लागली."

श्यामलाबाई खाली उतरल्या. झऱ्याची धार मनगटाएवढी झाली होती. गेल्या वर्षी ती करंगळीएवढी होती. त्यांनी पिशवीतली काचेची बाटली रिकामी केली आणि धारेखाली धरली.

घरी त्यांनी बाटली ओट्यावर ठेवली आणि मुद्दाम दुसरी कामं केली. तासाभराने पाणी निवळलं. तळाशी मातीचा थर बसला होता, पट्टी लावून पाहिला तर दोन मिलिमीटर. दुसऱ्या दिवशीच्या बाटलीत तीन. तिसऱ्या दिवशी पाच. ही माती ओढ्याची नव्हती, वाटेवरचीही नव्हती. पिवळसर, मऊ, चिकण, बांधाच्या पोटातली.

चौथ्या दिवशी बाटली भरताना झऱ्याच्या तोंडाशी फांदीच्या तुकड्यासारखं काहीतरी अडकलेलं दिसलं. त्यांनी ते चिमटीत धरून ओढलं. वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, आणि हाताला अगदी हलकं लागलं. बाहेरून तांबूस साल होती. आत काहीच नव्हतं.

मूळ मेलं की आतलं लाकूड बुरशी आधी खाते. साल मागे राहते. हे त्यांनी चौतीस वर्षं शिकवलं होतं. वर्गात असा एक तुकडा त्या मुलांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, बघा, निसर्गाने केलेली नळी. त्यांनी तो तुकडा डोळ्याला लावला. पलीकडे धुण्याचा दगड दिसला, गोल, लख्ख.

त्यांनी मान वर केली. सतरा नंबरचा खुंट बरोबर वर होता. त्याला लागून अठरा नंबरचा पिंपळ. पाटीवर लिहिलं होतं, 'शंभू'. दुर्गाबाईंचा मुलगा. कंपनीच्या बसवर क्लीनर होता. हिंजवडीच्या रस्त्यावर गेला, एकोणिसाव्या वर्षी.

रंगनाथरावांना त्यांनी तिथूनच फोन केला.

"एका बाटलीतल्या गाळावर तेरा वर्षं पाण्यात घालणार आपण?" ते म्हणाले.

"चार बाटल्या आहेत."

"श्यामलाताई, उद्या पेपरात काय येईल? झाडं लावणाऱ्या बाईच तोडायला निघाल्या. आणि ते पाणी उतरवलं की बदकं जाणार, मासे मरणार. मंडळाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मंडळाची घरं ओढ्यापासून वर आहेत, रंगनाथराव."

श्यामलाबाईंनी फोन ठेवला आणि मग शबनमला पत्र पाठवलं. चार ओळी होत्या. 'माझं आधीचं मत उतारावरच्या जमिनीला लागू आहे, पाणी अडवणाऱ्या बांधाला नाही. ते मी मागे घेते. झाडांची जागा निवडण्यात चूक झाली. ती माझी आहे.'

ते लिहिणं सोपं गेलं. दुर्गाबाईंसमोर उभं राहणं सोपं नव्हतं.

दुर्गाबाई चादर पिळत होत्या. श्यामलाबाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि जे होतं ते सांगितलं: नळी, माती, खुंट, पिंपळ. पिंपळाची मुळं उंबरापेक्षा लांब जातात, हेही सांगितलं.

दुर्गाबाईंनी पीळ घट्ट केला. "तवा तुमीच म्हनल्या होत्या, बाई. रस्त्याच्या कडेला नको लावू, रुंदी वाढली का तोडतात. बांधावर लाव. इथं कोनी हात लावनार नाई."

"हो. मीच म्हणाले होते."

"मी दोन उन्हाळे घागरी वाहिल्या."

"माहीत आहे मला."

"आन नाई तोडलं तं?"

"बांध आतून पोखरत जाईल. मोठ्या पावसात फुटू शकतो."

"कवा?"

श्यामलाबाईंना तारीख सांगायला आवडलं असतं. "ते नाही सांगता येत. या महिन्यात. किंवा दहा वर्षांत नाही."

दुर्गाबाईंनी चादर त्यांच्या हातातून सोडवून घेतली. बराच वेळ त्या नुसत्या झटकत राहिल्या. मग बांध चढून पिंपळापाशी गेल्या आणि पाटीची तार उलगडू लागल्या. तार गंजली होती, बुंध्यात रुतली होती. श्यामलाबाई मदतीला गेल्या, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या." पाटी पदराखाली धरून त्या खाली उतरल्या. जाताना 'येते बाई' म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोरी उघडली. शबनमने झऱ्याच्या तोंडाशी आधी जाड वाळू टाकायला लावली, मग बारीक खडी, मग दगड. वस्तीतले लोक घमेली घेऊन आले होते. एकाने विचारलं, सिमेंटने बूच का मारत नाही?

"बूच मारलं तर पाणी दुसरीकडून फुटेल," शबनम म्हणाली. "पाण्याला जाऊ द्यायचं. माती तेवढी अडवायची."

श्यामलाबाई वाळूची घमेली पुढे देत होत्या. रांगेत त्यांच्यापासून तिसऱ्या दुर्गाबाई होत्या. घमेलं हातातून हातात जात होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. वर पिंपळाच्या फांद्या उतरवत होते. एकेक फांदी घसरत खाली यायची आणि पानं बराच वेळ सळसळत राहायची. मंडळातलं कुणीही आलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी श्यामलाबाई झऱ्यावर जायच्या तेव्हा धुण्याच्या दगडावर एक बाटली भरून ठेवलेली असायची, बूच घट्ट लावलेली. आजूबाजूला कुणी नसायचं. दगड ओला असायचा, म्हणजे धुणं आधीच उरकलेलं. रिकामी बाटली त्या दगडावर ठेवून यायच्या. दुसऱ्या दिवशी तीच भरलेली मिळायची. तळाचा थर कमी होत होता, पण गेला नव्हता.

तलाव दिवसाला टीचभर उतरत होता. चार फुटांपैकी सव्वा फूट झाला होता. शबनमने फोनवर सांगितलं की शुक्रवारपासून घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा आहे, आणि रात्रीच्या गस्तीला माणसं नेमली आहेत.

"वस्तीला सांगितलंत?"

"सांगितलं. निम्मे जण नातेवाइकांकडे जातायत. दुर्गाबाई म्हणतात, मी जाणार नाही."

गुरुवारी सकाळी श्यामलाबाईंनी दगडावरची बाटली उचलली. बाटली घरी नेण्याइतका धीर त्यांना नव्हता. त्या तिथेच दगडावर बसल्या, बाटली शेजारी सरळ ठेवली आणि घड्याळ पाहिलं. पाणी अजून ढवळलेलं होतं. कात्रजच्या अंगाला ढगांमुळे डोंगर दिसत नव्हता. त्यांनी पिशवीतून पट्टी काढून हातात धरली आणि माती खाली बसायची वाट पाहत राहिल्या.