निकालानंतरचे पाणी

मी ट्रॅक्टरमागे ओढला जाणारा पाण्याचा टँकर आहे आणि जे सांगणार आहे ते रागाने सांगणार आहे. गोड बोलणे मला जमणार नाही. ज्याच्या दारात मी उभा आहे त्या माणसाचा मला संताप येतो, आणि हे त्याला कुणी जाऊन सांगितले तरी माझी हरकत नाही.

माझा जन्म मानवतचा. तिथल्या एका वेल्डिंगच्या दुकानात जाड पत्रा वाकवून मला गोल केले, खाली दोन चाके लावली, मागे पितळी कॉक बसवला. मला पहिल्यांदा नेले पोखर्णीच्या भगवानरावांनी. नरसिंहाच्या दर्शनाला शनिवारी गर्दी व्हायची, तेव्हा ते मला रस्त्याच्या कडेला लिंबाखाली उभे करायचे. येणारा पाणी प्यायचा, तोंड धुवायचा आणि पुढे जायचा. तू कोण, कुठला, असे कुणी विचारत नव्हते. लग्न असो की मयत, भगवानराव मला धाडायचे. माझ्या पत्र्यावर तेव्हा एक अक्षरही नव्हते.

पुढे त्यांचे गुडघे गेले, शेत मुलांनी वाटून घेतले आणि मी परभणीला किशनरावांकडे आलो.

किशनरावांनी मला आणल्या आणल्या पेंटर बोलावला. दोन्ही अंगांना माणसाच्या हाताएवढ्या अक्षरांत त्यांचे नाव आले, खाली ‘जनतेच्या सेवेत’. मग मी कुंपणाच्या गल्लीत जाऊ लागलो. कृषी विद्यापीठाच्या भिंतीला लागून ही वस्ती आहे. बहुतेक घरे बौद्धांची. कुणी विद्यापीठाच्या शेतावर मजूर, कुणी कारकून, कुणी मास्तर. नळाची लाइन गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेली, त्यामुळे बायका माझ्या वाटेकडे डोळे लावून असायच्या. पेडगावचा चंद्रभान ट्रॅक्टर चालवायचा. हॉर्न वाजला की सगुणाबाई घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे. सत्तरी गाठलेली बाई, पण नंबर सोडायची नाही.

पाणी फुकट होते, हे मी कबूल करतो. पण किशनराव अधूनमधून येऊन माझ्या कॉकवर हात ठेवून फोटो काढून घ्यायचे. बायकांना म्हणायचे, “जरा हसा की. पाणी मिळायलंय ना?” बायका हसायच्या. त्या हसण्यात काय होते ते मला दिसत होते. किशनरावांना दिसत नव्हते.

मग महापालिकेची निवडणूक लागली. प्रभागातल्या ज्या जागेवर किशनरावांचा डोळा होता ती बाईसाठी राखीव सुटली, तेव्हा त्यांनी बायकोला, कमलबाईंना, उभे केले. त्या नको म्हणत होत्या. “मला बोलता येत न्हाई चार लोकांत,” असे अंगणात माझ्यासमोरच म्हणाल्या. “तुला बोलायला कोण सांगायलंय?” किशनराव म्हणाले. “तू फक्त हात जोड.” बॅनर लागले. त्यावर कमलबाई लहान आणि किशनराव मोठे.

समोर उभी राहिली गल्लीतलीच धम्मशीला. तिचा नवरा सुगत विद्यापीठात कारकून, ती घरी मुलांच्या शिकवण्या घेणारी. तिचे म्हणणे एकच होते. टँकर नको, नळ पाहिजे. खरे तर मला वाईट वाटायला हवे होते. नाही वाटले. उन्हात घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका मी रोज पाहत होतो. मी कायमचा हवा असे कुणी कशाला म्हणावे?

किशनरावांना मात्र ते वाक्य झोंबले. प्रचाराच्या शेवटच्या सभेत त्यांनी मला व्यासपीठाशेजारी उभे केले आणि माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणाले, “ह्याचं पाणी पेलेला माणूस मला विसरनार न्हाई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे पोट तेव्हा रिकामे होते, थाप घुमली.

निकालाच्या दिवशी मला काठोकाठ भरून मतमोजणीच्या जागेबाहेर रस्त्यावर नेले. मिरवणुकीतल्या लोकांना पाणी लागेल म्हणून. गुलालाची पोती आली होती, हलगीवाले आले होते, डीजेची गाडी आडवी उभी होती. पहिल्या फेरीला कमलबाई पुढे होत्या. पोरांनी घाईने एक पोते फोडले, माझी एक बाजू लालभडक झाली. दुसऱ्या फेरीनंतर आवाज कमी झाला. मग कुंपणाच्या गल्लीचे मशीन उघडले आणि धम्मशीला निवडून आली.

माणसे कशी पांगतात ते मी त्या दिवशी पाहिले. कुणी निरोप घेतला नाही. लघवीला जाऊन येतो म्हणून गेलेले परत आले नाहीत. हलगीवाले पलीकडच्या मिरवणुकीत जाऊन वाजवू लागले. किशनराव माझ्या दांडीवर येऊन बसले. कुणीतरी गल्लीच्या बूथचा आकडा सांगितला. कमलबाईंना तिथे जवळजवळ काहीच पडले नव्हते.

“माझंच पाणी पेले,” ते म्हणाले. मग तेच पुन्हा म्हणाले.

जीपमध्ये बसलेल्या कमलबाई म्हणाल्या, “घरी चला आता.” किशनरावांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रभानने मला जोडायला ट्रॅक्टर मागे घेतला, तेव्हा किशनरावांनी हात आडवा केला.

“गल्लीत जायचं न्हाई.”

“मालक, लेकरंबाळं हायत तिथं.”

“मंग जा, तुजा पगार त्या निवडून आलेलीकडून घे.”

चंद्रभानने ट्रॅक्टर बंद केला. त्याच्या घरी चार तोंडे खाणारी होती. त्याला मी दोष देत नाही.

काही दिवसांनी धम्मशीला आणि सुगत आमच्या अंगणात आले. मला वाटले, विनवायला आली. किशनरावांनाही तसेच वाटले असावे, त्यांनी खुर्चीवर मांडी घातली. ती म्हणाली, “टँकर तुमचा हाय. न्हाई द्यायचा तर नका देऊ, त्याचं काई म्हणणं न्हाई. आमी महापालिकेकडं टँकर मागितलाय. पण तुमची प्रचारातली पोरं रस्त्यानं जाणाऱ्या आमच्या बायांना घाण बोलायलेत. ते बंद करा.”

“नगरसेविका झालीस म्हनून हुकूम सोडायलीस?”

“हुकूम न्हाई. पुढच्या वेळी पोलीस ठाण्यात जाणार, ते आधी सांगायला आले.”

ती वळून गेली. किशनरावांच्या मानेची शीर फुगलेली मी पाहिली. त्यांना विनवणी हवी होती, ती मिळाली नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी चंद्रभानला मला बोअरवर भरून आणायला लावले आणि स्वतः जीप घेऊन पुढे निघाले. कमलबाई काय चालले आहे ते ओळखून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. बायका घागरी, कॅन, बादल्या घेऊन धावत आल्या. किशनराव माझ्या कॉकपाशी उभे राहिले.

“ज्यांनी कमलला मत दिलं त्यांनी पुढं या. बाकीच्यांनी मागं व्हा.”

कुणी हलले नाही.

“या की. कोन हाय?”

सगुणाबाई म्हणाली, “मत कोनाला दिलं ते सांगायचं नसतंय, मालक.”

किशनरावांनी कॉक पूर्ण उघडला. माझ्या पोटातले पाणी धाडकन रस्त्यावर पडले, धूळ उडाली, चिखल झाला, पाणी नालीकडे धावले. मी लोखंडाचा. मला कॉक लावून घेता येत नाही. बायका समोर उभ्या होत्या. वाकून घागर लावणे काही अवघड नव्हते. एकीनेही लावली नाही. पाणी त्यांच्या पायांवरून गेले, त्या जागच्या हलल्या नाहीत.

कमलबाई जीपमधून उतरल्या. लोकांत त्यांना बोलताना मी कधी ऐकले नव्हते.

“निवडणुकीला मी हुबी होते,” त्या म्हणाल्या. “हरले मी. तुमी कोनावर चिडायलाव?”

कमलबाईंनी कॉक धरला, तो त्यांना फिरेना. चंद्रभान ट्रॅक्टरवरून उतरला, त्याने त्यांच्या हातावर जोर लावला आणि पाणी थांबले. माझ्यात अर्धे उरले होते.

“भरा,” कमलबाई सगुणाबाईला म्हणाल्या.

“न्हाई, बाई,” सगुणाबाई म्हणाली. “तुमच्यावर राग न्हाई. पर हे पानी आता न्हाई.”

तिने रिकामी घागर कमरेवर घेतली. तिच्यामागे सगळ्या गेल्या. चिखलात आम्हीच उरलो.

त्या संध्याकाळी चंद्रभान ट्रॅक्टरची किल्ली कमलबाईंच्या हातात देऊन पेडगावला निघून गेला. गल्लीत महापालिकेचा टँकर येऊ लागला, आणि आता तिथे पाइपासाठी चर खणायला घेतल्याचे कानावर येते. घरात किशनराव आणि कमलबाई जेवढ्यास तेवढे बोलतात. आवाज माझ्यापर्यंत येतो, म्हणून ठाऊक.

मी अंगणाच्या कोपऱ्यात आहे. एका चाकातली हवा गेली आहे. उरलेले पाणी कुणी काढले नाही, त्याला वास येतो. मागच्या महिन्यात एक भंगारवाला मला बघायला आला होता. मला आनंद झाला होता. वितळून का होईना, या दारातून सुटलो असतो. किशनरावांनी त्याला परत पाठवले. “ऱ्हाऊ दे. पुढच्या निवडणुकीला लागतोय.”

तेव्हा तुम्ही या घरावरून जाल तर एवढे ऐका. माझी कीव करून कुणी माझे पाणी काढू नका, कुणी रंग सुचवू नका, ताडपत्री टाकू नका. आत साचलेले पाणी माझा तळ खाते आहे. पाच वर्षे आहेत. मी जमेल तितक्या लवकर गंजतो आहे.