मध्यंतराचा फोटो

श्यामलाताईंनी अंगठा सरकवला. कीर्तनाला उभी राहिलेली अनुराधा आली. पुन्हा सरकवला. तबल्यावर मान डोलावणारा प्रमोद. पुढे समईची ज्योत, मग गर्दीतली झोपाळलेली पोरं. त्याच्या पुढच्या फोटोत पेटीचा एक कोपरा होता आणि त्या कोपऱ्याला चिकटून हिरव्या काठाचा पदर. पदराच्या पलीकडची बाई मात्र कापलेली.

"अहो, इकडे या जरा. यात मी दिसते का, बघा."

शिरीषराव टोस्टचा तुकडा हातात घेऊनच आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फोन लांब धरला. "हा काय, पदर दिसतोय की."

"पदर दिसतोय. मी दिसते का?"

"पदर तुझाच आहे ना? मग तूच."

"उद्या नुसती चप्पल दिसली तरी म्हणाल, आमची ही बसलीये बघा."

"टिकटॉकचे फोटो ते. उभ्या फोनवर आडवी माणसं कुठून मावणार?" असं म्हणून ते टोस्ट संपवायला निघून गेले. पण त्यांनी सहज टाकलेल्या या वाक्याने श्यामलाताईंच्या मनात पाल चुकचुकली. सगळे मावतात. आपणच कशा मावत नाही?

लोअर हट या परदेशातल्या गावात, एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, दर महिन्याला अनुराधेचं कीर्तन व्हायचं. अनुराधा इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, श्यामला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून. दोघींची ओळख झाली ती एका हिवाळ्यात, ट्रेनमध्ये. श्यामला तंद्रीत स्वतःशीच गुणगुणत होती आणि शेजारच्या बाईने पुढची ओळ उचलली. तेव्हापासून एक उभी, एक पेटीवर. सुरुवातीला श्रोते म्हणजे चार घरची माणसं, तीही निम्मी खिचडीसाठी आलेली. तरी अनुराधा अशी बोलायची, जणू समोर भरलेला मांडव आहे. प्रल्हादाची आई बोलू लागली की खिचडीवाल्यांचेही डोळे भरून यायचे. देवाची गोष्ट गाऊन सांगणाऱ्याला हीच तर देणगी असते, की ऐकणारा आपलं घर विसरून गोष्टीतल्या घरात शिरतो.

मग अनुराधेची सून मुग्धा आली. इस्पितळात नर्स, हाताला चपळ, बोलायला गोड. कीर्तनातले फोटो ती ओळीने लावायची, प्रत्येकावर एकेक वाक्य लिहायची, मागे अनुराधेचा आवाज सोडायची. "काकू, व्हिडिओ लोक लगेच टाकून देतात," ती सांगायची, "पण फोटो असले ना, की पुढे काय म्हणून अंगठ्याने ढकलत बसतात. हे पण आख्यानच की. एका फोटोवर थांबवायचं आणि पुढच्यात सांगायचं." आणि खरंच, पार दोन तासांवरच्या पामर्स्टन नॉर्थहून विद्यार्थी गाड्या घेऊन येऊ लागले. दाराशी जॅंडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग पडू लागला. श्यामलाताईंनाच तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं!

आता त्यांनी मागचे सगळे संच उघडले आणि उलट्या क्रमाने बघत गेल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या अख्ख्या होत्या, अगदी दात दाखवून हसणाऱ्या. नंतर अर्ध्या. नंतर नुसता पदर. मार्चपासून तर पदरही क्वचित. आणि परवाच्या संचात त्यांच्या जागी, त्यांच्याच पेटीवर, अभिषेक बसलेला! अख्खा, दाढीसकट, वर वाक्य: 'नवा सूर'. हा ऑकलंडहून बदली होऊन आलेला कॉम्प्युटरवाला. श्यामलाताई चहा घ्यायला उठल्या तेवढ्यात त्याने एक भजन वाजवलं होतं, बस. कानामागून आला आणि तिखट झाला!

त्यात संध्याकाळी अनुराधेचा फोन.

"श्यामे, एक विचारू? गोकुळाष्टमीला तू समोर बसून ऐक ना. इतक्या वर्षांत तू मला समोरून कधी बघितलंच नाहीस."

"आणि पेटी?"

"अभिषेक धरेल की सूर. तू जरा आराम कर."

"मी आराम मागितला का तुझ्याकडे?"

मग अनुराधा म्हणाली, "अगं, तसं नाही. कुकरची शिट्टी झाली, ठेवते हं."

श्यामलाताईंना शिट्टी ऐकू आली नव्हती.

त्या दिवसापासून त्यांचं मन एकेक जुनी गोष्ट उकरायला लागलं. रामनवमीला एक सूर घसरला होता, तो तिच्या मनात राहिला का? की आख्यानात तिने कैकेयीचं वाक्य मंथरेच्या तोंडी घातलं आणि आपण पेटीवरून सर्वांदेखत दुरुस्त केलं, ते लागलं? की ही सूनबाईची करणी? दिसायला गोगलगाय! म्हातारी पेटीवाली फोटोत शोभत नसेल. प्रत्येक शंकेला दुसरी शंका दुजोरा द्यायची. परवा बुक्का लावून घेतला तर त्यालाही कसला म्हणून वास नव्हता. म्हणजे बुक्कासुद्धा स्वस्तातला आणायला लागले का हे लोक? फोटो गेला याचं दुःख नव्हतं त्यांना. यादीतून गाळलेलं नाव असतं तसं आपलं झालंय, आणि ते आपल्याला कुणी सांगतही नाही, हे सोसवत नव्हतं. पेटी गेली तर हातात उरतं काय? आणि अनुराधा गेली तर?

"इतकं वाटतंय तर जाऊन विचार," शिरीषराव म्हणाले.

"विचारलं तर गोड बोलतील. मला बघायचंय."

बुधवारी मुग्धाला सुट्टी असते, हे त्यांना ठाऊक होतं. डब्यात चकल्या भरल्या आणि वाऱ्याला डोकं लावत त्या अनुराधेच्या घरी पोचल्या. मागचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर मुग्धा फोनवर बोटं चालवत होती. श्यामलाताई दिसताच तिने फोन चटकन पालथा घातला.

"काकू! तुम्ही! आई बाजारात गेल्यात."

"बरं झालं. तुझ्याकडेच आले. काय चाललंय?"

"काही नाही हो. गोकुळाष्टमीची तयारी. चहा टाकू?"

"चहा नको. पालथं घातलेलं सुलटं कर."

मुग्धा हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. "काकू, ते अजून झालेलं नाहीये."

"मला कापताना बघायचंय, कशी कापतेस ते. लपवू नकोस बाई. पदर ठेवतेस, माणूस टाकतेस. अभिषेकची दाढी मावते, मी मावत नाही. तुझ्या सासूने सांगितलंय की तुझीच अक्कल?"

मुग्धाचा चेहरा पडला. ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. मग खुर्ची ओढून श्यामलाताईंच्या अगदी शेजारी बसली.

"कापते मी. आईंनी नाही सांगितलं. फोटोंखाली लोक काहीबाही लिहायला लागले होते. पेटीवाल्या काकू नेहमी रागावलेल्या का असतात, पेटी आंटी बोअर झाली वाटतं, असलं. मला ते वाचवेना. म्हणून कापलं."

"रागावलेली? मी? कीर्तनात?"

"तेच ना. म्हणून मी सगळे फोटो काढून बघितले. हे मी कुठे टाकलेलं नाही, फक्त फोनमध्ये आहे. बघायचंय का खरंच?"

"दाखव."

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा, आणि तिने साथीदारांना बुक्का लावून नमस्कार करायचा, ही रीत. त्या मध्यंतराला सगळे फोन वर होतात. त्यामुळे दर महिन्याचा तो फोटो एकाच जागेवरून, एकाच क्षणाचा: अनुराधेचं बोट श्यामलाताईंच्या कपाळावर. मुग्धाने ते सगळे महिन्यामागून महिना लावले होते. वाक्य कशावरच नव्हतं, आवाजही नव्हता.

श्यामलाताईंनी अंगठा सरकवला. पहिल्या फोटोत त्या डोळे मिटून हसत होत्या. दुसऱ्यात हसू होतं, जरा कमी. मग आणखी कमी. जणू कुणी हलक्या हाताने चेहऱ्यावर इस्त्री फिरवत गेलं होतं. शेवटच्या फोटोत अनुराधेचे डोळे पाण्याने भरलेले, प्रमोद गहिवरलेला, आणि मध्ये श्यामला, रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी. भात्यावरचा डावा हातही महिन्यागणिक अंगाशी आखडत गेलेला, खांदा उतरलेला.

"थकले असेन मी त्या दिवशी."

"हो. पहिल्यांदा मीपण तेच म्हटलं."

"पण मला आठवतंय ना! या दिवशी सुदाम्याचं आख्यान होतं. मी आतून नुसती भरून आले होते. मी हसत होते, मुग्धा."

"माहितीये, काकू. तेच तर." तिने त्यांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि मनगट हळूच वाकवून बघितलं, जशी ती वॉर्डात बघत असेल. "मी डॉक्टर नाही. उगाच नाव नाही घेणार कशाचं. पण आमच्या वॉर्डात असे चेहरे मी बघते, मनातलं हसू चेहऱ्यावर पोचतच नाही असे; काहींना वासही येईनासा होतो. तुम्हाला बुक्क्याचा वास येतो का हल्ली?"

"हल्ली भेसळच इतकी..." श्यामलाताई बोलता बोलता थांबल्या. परवाच प्रमोद म्हणाला होता, वा, काय घमघमतोय बुक्का!

दार वाजलं. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अनुराधा आत आली, टेबलावरचा फोन बघितला, आणि जागीच उभी राहिली.

"तुला माहीत होतं?" श्यामलाताईंनी विचारलं.

"होतं."

"कधीपासून?"

"मुग्धाने दाखवलं तेव्हापासून. महिना झाला असेल."

"आणि म्हणून मला समोर बसवत होतीस?"

"समोर बसलीस तर फोटो निघणार नाहीत, कुणी काही बोलणार नाही. मग सवडीने सांगेन, असं वाटलं." अनुराधेने पिशव्या खाली ठेवल्या. एक बटाटा घरंगळत फ्रीजखाली गेला, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. "नाही जमलं, श्यामे. कीर्तनात मी यमाला बोलतं करते. पण तुला एवढं एक वाक्य सांगायचं तर जीभच उचलेना. दोनदा फोन लावला. दोनदा कुकर लावला."

"शिट्टी झाली नव्हती."

"नव्हती."

"मला वाटलं, तुम्ही मला काढून टाकताय."

"तुला? आणि पेटीला कोण? तो अभिषेक? त्याला दोनदा सांगितलं काळी चार, काळी चार, तो दोन्ही वेळा ती पट्टी मोबाईलवर शोधत बसला!"

मुग्धाला हसू फुटलं. श्यामलाताईंना मात्र हसू आलं नाही, किंवा आलं असेल, त्यांना आता त्याची खात्री देता येईना. त्यांचे डोळे मात्र भरले.

"अनु, मला आजाराचं नाही वाईट वाटलं. असेल काय असेल ते. पण माझ्या तोंडाकडे बघून तुला काहीतरी दिसलं, आणि तू तोंड फिरवलंस. मी पंधरा दिवस घरात तुला नाही नाही ते बोलले. मुग्धाला तर विचारूच नको."

"काय बोललात?" मुग्धाने विचारलं.

"गोगलगाय म्हटलं. चकल्या खा."

अनुराधा येऊन त्यांच्या शेजारी बसली. "चुकलं माझं."

"चुकलंच. यापुढे दिसेल ते तोंडावर सांगायचं. गोड करून नाही. आरशात मला कळत नाही, आणि हे आमचे शिरीषराव पदर दिसला की बायको दिसली म्हणतात. मी विचारायचं कुणाला?"

"मला विचार."

पुढच्या आठवड्यात अनुराधाच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी श्यामलाताईंना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक वाक्य लिहायला लावलं, आणि मोठ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी पाठवली. तिथला नंबर लागायला वेळ होता. आजाराला अजून कुणी नाव दिलं नव्हतं. "तोवर पेटी वाजवू का?" असं श्यामलाताईंनी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरूर, भरपूर वाजवा.

गोकुळाष्टमी रविवारी दुपारीच करायची ठरली. हॉल रात्रीचा मिळत नाही, त्यामुळे लोअर हटमध्ये कृष्ण लख्ख उन्हात जन्मतो. हॉल भरला होता. पेटीवर श्यामलाताई बसल्या. अभिषेक टाळ घेऊन मागे उभा राहिला. पूर्वरंगात अनुराधा वाट बघणाऱ्या देवकीची रात्र अशी रंगवत गेली, की पुढची पोरंसुद्धा चुळबुळ विसरली. श्यामलाताईंचा डावा हात मध्येच जड व्हायचा, भाता अडखळायचा. प्रमोद तबल्यावर एक मात्रा सांभाळून घ्यायचा आणि दोघं पुन्हा समेवर यायचे.

मध्यंतर झालं. अनुराधेला हार घातला, बुक्का लावला. सगळे फोन वर झाले. मुग्धाही पुढे आली.

अनुराधा बुक्क्याची वाटी घेऊन वाकली. बोट कपाळाला टेकलं, तशा श्यामलाताई फक्त तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अनु, हसतेय का गं मी?"

सगळ्या हॉलसमोर अनुराधेने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट, सावकाश पाहिलं. नजर बाजूला नेली नाही.

"नाही," ती म्हणाली.

"आता?"

"ओठ हलले. हसू नाही."

श्यामलाताईंनी मान डोलावली. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी मुग्धाकडे वळून सांगितलं, "असाच काढ. अख्खी घे मला. खाली जो लिहील त्याला म्हणावं, काकू फार मजेत आहेत, फक्त चेहरा ऐकत नाही."

मुग्धाने फोटो काढला. मग अनुराधा सरळ उभी राहिली, पदर खोचला आणि उत्तररंगासाठी तिने सूर मागितला. श्यामलाताईंनी भाता ओढला.