तोंडाने काही दिले का?

मंगळवारी चाकणच्या कंपनीत लाइन बंद पडली. वरून माल आला नाही म्हणून साहेबांनी साडेअकरालाच सगळ्यांना हाफ डे देऊन टाकला, आणि दीपमाला कधी नव्हे ती भर दुपारी दिघीला घरी पोचली. दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढता काढता तिची नजर आतल्या खोलीत गेली आणि दुसरी चप्पल पायातच राहिली.

सासूबाई, सुभद्राबाई, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात चमचा. चहात कुस्करलेली भाकरी त्या सासऱ्यांच्या तोंडात घालत होत्या. अर्जुनरावांनी तोंड मिटलं, मान जराशी पुढे केली आणि घास गेला. कुठे गेला, हाच तर तीन महिने या घराला पडलेला प्रश्न होता.

तीन महिन्यांपूर्वी अर्जुनरावांना अर्धांगाचा झटका आला. बैलगाडा शर्यतीच्या घाटात ज्यांची हाळी या टोकाची त्या टोकाला ऐकू जायची, त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. नाकात नळी आली. पिंपरीच्या एका पुनर्वसन केंद्रात गिळण्याच्या व्यायामावर संशोधन चाललं होतं, त्यात खटपट करून त्यांचं नाव लागलं. आठ आठवडे रोज एकच काम. तोंडात काही न घेता नुसती लाळ जोर लावून गिळायची, दिवसातून साठ वेळा. शेवटी एक्स-रेखाली चाचणी. घास अन्ननलिकेत उतरताना दिसला तर नाकातली नळी निघणार, श्वासनळीकडे वळला तर पोटाला भोक पाडून तिथे नळी बसवणार. ती चाचणी येत्या शुक्रवारी होती.

केंद्रातल्या स्नेहल मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, की चाचणी होईपर्यंत तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. ठसका लागला नाही म्हणजे नीट उतरलं, असं मुळीच समजायचं नाही. झटक्यानंतर घशाला काही कळतच नाही, अन्न गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि माणूस शांत बसून राहतो. कळलं तर तापावरून, नाहीतर वाढलेल्या श्वासावरून. दीपमालाने हे सगळं नीट ऐकलं होतं. सुभद्राबाई तेव्हा मॅडमसाठी चहा ठेवायला आत गेल्या होत्या.

"आई, हे काय करताय?"

सुभद्राबाई दचकल्याही नाहीत. "एकदाबी ठसका लागला न्हाई त्यांना," त्या समजूत घालावी तशा म्हणाल्या. "दोन आठवडं झालं. उतरतंय आता, बघ."

केंद्राने दिलेला थर्मामीटर दीपमालाने कपाटाच्या खणातून काढला. त्याचं प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा फोडलेलं नव्हतं. काखेत लावून पाहिला तर एकशे एक.

इथे दीपमालाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, मग ती कितीही गुणाची सून असो. ती कंपनीत क्वालिटीला होती. दर तासाला एक पार्ट मोजायचा आणि आकडा चेकशीटवर लिहायचा, असा नियम. तो नियम भिंतीवर राहायचा. अख्खी लाइन चेकशीट भरायची ती शिफ्ट सुटताना, एका दमात, एकाच पेनने. त्यात कुणाला काही वाटायचंही नाही, उलट ऑडिटला आलेले साहेब तो नीटनेटका कागद पाहून खूश होऊन जायचे. केंद्राने रोजच्या नोंदींसाठी दिलेली संशोधनाची वहीसुद्धा तिने तशीच भरली. रविवारी दुपारी बसायचं आणि आठवडा उरकायचा. ताप: ९८.४. खोकला: नाही. तोंडाने काही दिले का: नाही. सात ओळी, दोन मिनिटं. ती सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये बसायची, संध्याकाळी पाचला उतरायची, आणि मधल्या अकरा तासांत घरात काय चालतं हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

आता विचारलं. सुभद्राबाई बशीतल्या चहाकडे बघत बोलल्या.

"लगीन झाल्यापास्नं त्यांच्या आदी मी घास घेतला न्हाई. आता ह्या वयात घेऊ व्हय? नळीतनं घालत्यात त्याला काय जेवन म्हनायचं?"

म्हणजे नवऱ्याच्या तोंडात घास नाही, तर बाईच्याही नाही. संध्याकाळी सगळ्यांसोबत ताट पुढ्यात घ्यायच्या ते केवळ लेकाने रागावू नये म्हणून, आणि तेही चिवडून उठायच्या. दोन आठवड्यांपूर्वी भर दुपारी घेरी येऊन त्या पलंगापाशीच खाली बसल्या. अर्जुनरावांनी पाहिलं. मग डाव्या हाताने आधी बशी दाखवली, मग स्वतःचं तोंड आणि मग बायकोचं. त्या दिवशी त्यांनी एक घास घेतला आणि सुभद्राबाई जेवल्या. तेव्हापासून रोज तो एक घास चालू होता. म्हाताऱ्याला भाकरीची वासना झाली म्हणून नव्हे, म्हातारीने उपाशी राहू नये म्हणून.

दीपमालाला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. रोज स्वतःचा डबा भरताना सासूने दुपारी काय खाल्लं, एवढं विचारायला काय जात होतं?

तिने नवनाथला, नवऱ्याला, फोन लावला. तो भोसरीत पहिल्या शिफ्टला होता. मागे मशीनचा आवाज, त्यात त्याचा दबका सूर. त्याचं म्हणणं असं, की शुक्रवारपर्यंत गप्प बसावं. तापाची गोळी कुटून नळीतून द्यावी. वहीत खोटं निघालं तर नाव कापतील, व्यायाम बंद होईल आणि आप्पांच्या पोटात कायमची नळी बसेल. बापाला तसं बघायची त्याची हिंमत नव्हती. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सुपरवायझर जवळ आला तसा त्याने फोन ठेवला.

दीपमालाने गोळी काढली. वाटीत टाकली, वर चमचा दाबला. ताप उतरला असता, वहीत नेहमीचाच आकडा पडला असता, कुणाला पत्ताही लागला नसता. पलंगावर आप्पा डोळे मिटून पडले होते आणि त्यांच्या नाकपुड्या फुगत होत्या. भिंतीवर मॅडमनी चिकटवलेला कागद होता. त्यावर लिहिलं होतं, मिनिटाला पंचवीसच्या वर श्वास गेले तर ताबडतोब फोन करा. तो कागद गेले सात आठवडे तिच्या डोळ्यांसमोर होता.

तिने चमचा खाली ठेवला, मोबाइलचं घड्याळ समोर धरलं आणि आप्पांच्या छातीवर हात ठेवून मोजायला लागली. पुरतं एक मिनिट. सुभद्राबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. अठ्ठावीस. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. एकोणतीस. या वहीसाठी तिने खरोखर मोजलेली ही दुसरी गोष्ट, आणि पहिली म्हणजे मघाचा ताप.

तिने स्नेहल मॅडमना फोन केला आणि काही म्हणजे काही लपवलं नाही. घास सांगितला, ताप सांगितला, वहीही सांगितली.

"आधी दवाखाना गाठा," स्नेहल म्हणाली. "रिक्षाची वाट बघू नका, ॲम्ब्युलन्स मागवा. मी तिथेच येते. आणि ताई, वही घेऊन या."

दवाखान्यातल्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, शुक्रवारपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. सलाइन लागलं, ऑक्सिजन लागला. नवनाथ कंपनीच्या कपड्यांतच धावत आला, बापाच्या पायाशी उभा राहिला आणि बायकोच्या नजरेला नजर देईना.

बाहेरच्या बाकावर स्नेहलने वही चाळली.

"रोज अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. इतकं सरळ कुणाचंच नसतं, ताई. मी बघत होते आणि किती छान नोंदी ठेवतात म्हणून खूश होत होते. चूक माझीही आहे."

दीपमालाने खाली मान घालून विचारलं, की आता आप्पांचं नाव काढणार का?

"ही वही बाद होणार. मला वर खरं कळवावं लागेल. संशोधनात ठेवतील की नाही, ते माझ्या हातात नाही. पण व्यायाम मी सोडणार नाही, आणि चाचणी बरे झाल्यावर नव्याने घेऊ."

मग ती सुभद्राबाईंच्या शेजारी जाऊन बसली. उपाशीपोटी बसलेल्या त्या बाईला ती एक शब्दही रागाने बोलली नाही. एवढंच सांगितलं, की घरी गेल्यावर आजोबांच्या व्यायामाची वेळ तीच तुमच्या जेवणाची. त्यांच्यासमोर बसून तुम्ही जेवायचं, आणि तुमच्या प्रत्येक घासाला त्यांनी लाळ गिळायची. सुभद्राबाईंनी मान डोलावली खरी, पण तोंडावर लिहिलेलं होतं की हे व्हायचं नाही.

नवव्या दिवशी अर्जुनराव घरी आले. दुपारी त्यांना पलंगावर ताठ बसवलं. दीपमालाने सुट्टी घेतली होती. तिने सासूसमोर ताट ठेवलं, पिठलं आणि भाकरी. सुभद्राबाईंनी भाकरी मोडली आणि हात ताटातच राहिला. पाच मिनिटं गेली. नवऱ्याकडे त्यांना बघवेना.

"मला न्हाई जमायचं," त्या म्हणाल्या.

अर्जुनरावांचा डावा हात पुढे आला. दीपमाला चटकन उठली. घास ते स्वतःच्या तोंडाकडे नेणार, असंच तिला वाटलं, आणि त्यांचं मनगट धरायला तिने हात पुढेही केला. पण त्यांनी ताटातला तुकडा पिठल्यात बुडवला आणि बायकोच्या ओठांपाशी धरला. पिठलं चादरीवर सांडलं. हात अवघडून खाली यायला लागला, तरी त्यांनी मागे घेतला नाही.

सुभद्राबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. त्या चावत होत्या तेव्हा अर्जुनराव त्यांच्या गळ्याकडे एकटक बघत होते. सुभद्राबाईंनी गिळलं, त्याच क्षणी अर्जुनरावांनी हनुवटी छातीला लावली, सगळा जोर एकवटला, आणि त्यांच्या गळ्यातली घाटी वर सरकून खाली आली.

दीपमालाने नवी वही उघडली. ताप मोजून लिहिला, श्वास मोजून लिहिले, वेळ घड्याळात बघून लिहिली. शेवटच्या रकान्यात तेच जुनं विचारलेलं होतं, तोंडाने काही दिले का. तिथे तिने लिहिलं: आप्पांना काही नाही. आईंना एक घास, आप्पांच्या हातून.